आगोटीची बेगमी: किती घ्यावी, कुठे ठेवावी, खर्च कसा बसवावा

कोकणात मे महिना अर्धा सरला की घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या जिन्नसांची, यादी निघते. ती बहुधा आदल्या वर्षीच्या यादीवरून उतरवलेली असते, त्यामुळे तीत दरवर्षी दोन-तीन जिन्नसांची भर पडते, वजाबाकी मात्र होत नाही. ज्या काळात ही यादी ठरली, त्या काळात ओहोळाला पाणी आले की वाडीचा बाजाराशी संबंध तुटत असे. आज बहुतेक वाड्यांपर्यंत टेम्पो येतो, तिठ्यावरचे दुकान भर जुलैतही उघडे असते, आणि तरीही आपण चार महिन्यांची साखर एकदम भरतो व श्रावणात तिची ढेकळे फोडत बसतो. माझ्या मते पाऊस जे अडवतो तेवढेच साठवावे. पाऊस ऊन अडवतो, समुद्रातली मासळी अडवतो, वीज घालवतो आणि एखाद्या आठवड्यात रस्ताही बंद करतो. साखर, साबण, चहापूड यांतले काहीच तो अडवत नाही. पुढची पद्धत आमच्या वेंगुर्ल्याकडच्या चार माणसांच्या घरात बसलेली आहे. आपापल्या घरची माणसे आणि खाण्याची रीत पाहून तिच्यातले आकडे बदलून घ्यावेत.

पहिली पायरी: मोजणी

एप्रिलमध्ये सलग एक आठवडा, घरात रोज काय आणि किती शिजते ते मापट्याने मोजून वहीत लिहावे. आमच्याकडे सकाळची पेज आणि दोन वेळचा भात धरून रोज पाऊण किलो तांदूळ लागतो, हे मोजल्यावर कळले. तोपर्यंत घरातले प्रत्येक माणूस एक किलो असेच सांगत होते. पाऊण किलोच्या हिशेबाने जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांना साधारण ९२ किलो तांदूळ होतो, म्हणजे जुन्या अंदाजापेक्षा ३० किलो कमी. तो जादाचा तांदूळ इतकी वर्षे टोके खात होते आणि आम्ही पाखडत होतो. पेजेचा उकडा तांदूळ ओळखीच्या शेतकऱ्याकडून येतो व नंतर तसा मिळत नाही, म्हणून तो पुरता घ्यावा. जेवणातला साधा तांदूळ मात्र दीड महिन्यापुरताच घेऊन जुलैच्या मध्यावर पुन्हा आणावा.

दुसरी पायरी: खरेदी चार महिन्यांत वाटणे

मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत चाकरमानी गावी आलेले असतात, सगळा तालुका एकाच वेळी बाजारात उतरतो आणि निवड करायला वेळ राहत नाही. म्हणून मिरची नव्या आवकीची, फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावी. तूरडाळ आणि कुळीथ मार्चमध्ये, सुकी मासळी एप्रिलमध्ये, आणि मे महिना फक्त रातांबे (कोकमाची फळे), फणस व कैरी यांच्यासाठी मोकळा ठेवावा. पैशांच्या दृष्टीनेही हेच सोयीचे आहे, कारण पगारदार घराला एकाच महिन्यात एवढी रक्कम काढणे जड जाते आणि मग उधारी सुरू होते. कांद्याचे पोते, नारळ किंवा मिठाची गोण शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून घ्यावी. आमच्या वाडीत भिशीच्या बायकांनी हे सुरू केले, आणि त्यांचे वजनकाट्यावरचे लक्ष दुकानदारापेक्षाही बारीक असते.

डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळून ती कोरड्या डब्यात भरावी. कुळीथ अख्खेच ठेवावेत आणि पिठी तीन आठवड्यांपुरती दळून आणावी, कारण पावसाळी हवेत पिठीला वास लवकर लागतो.

तिसरी पायरी: उन्हाची कामे

ही कामे पुढे ढकलू नयेत. एरवी पाऊस कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर स्थिरावतो, पण २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडला पोहोचला आणि ज्यांनी आमसुले शेवटच्या आठवड्यावर ठेवली होती त्यांच्या साली सुपातच बुरसल्या. माझा स्वतःसाठीचा नियम असा आहे की २० मेनंतर अंगणात नवीन वाळवण घालायचे नाही.

आमसुलांसाठी पिकलेला रातांबा फोडून बिया व गर वेगळा करावा, सालींना मीठ लावून त्या गराच्या रसात रात्रभर बुडवाव्यात, दिवसभर उन्हात घालाव्यात आणि संध्याकाळी पुन्हा रसात टाकाव्यात. अशी चार-पाच पुटे दिली की साल काळसर जांभळी आणि लवचिक होते. शेवटच्या वाळवणीनंतर ती हाताला ओली लागता कामा नये. उरलेल्या रसात भरपूर मीठ घालून आगळ करून ठेवावे. सोलकढीला ते आमसुलांपेक्षा सोपे पडते.

मालवणी मसाला वर्षाचा करण्याची चाल आहे, पण माझ्या मते तो दसऱ्यापर्यंत पुरेल एवढाच करावा, कारण शेवटच्या दोन महिन्यांत त्याला रंग उरतो, वास उरत नाही. रंगासाठी बेडगी आणि तिखटासाठी संकेश्वरी अशी मिरची घेऊन देठ काढावेत, दोन दिवस कडक ऊन द्यावे, धणे व गरम मसाल्याचे जिन्नस वेगवेगळे भाजावेत आणि डंकावर नेताना सगळे थंड झाले असल्याची खात्री करावी. कुटून आणलेला मसाला त्याच दिवशी बरणीत दाबून भरू नये. तो रात्रभर परातीत पसरून निववावा आणि सकाळी भरावा, नाहीतर आतली वाफ झाकणाला लागून पुन्हा मसाल्यावरच टिपकते. एका मोठ्या बरणीऐवजी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या तीन बरण्या कराव्यात, प्रत्येकीत हिंगाचा खडा ठेवावा आणि एक संपेपर्यंत दुसरीचे झाकण उघडू नये. रोजच्या वापराला त्यातून छोटा डबा भरून घ्यावा, म्हणजे आमटीच्या वाफेवर धरलेला चमचा मोठ्या बरणीत जात नाही.

लोणचे, पोह्याचे पापड, सांडगी मिरची, तळलेले गरे ही ज्याच्या त्याच्या आवडीची कामे आहेत. आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, मात्र टाकू नयेत. त्या स्वच्छ धुऊन, सावलीत वाळवून कोरड्या राखेत ठेवल्या तर पावसात भाजीला उपयोगी पडतात.

चौथी पायरी: सुकी मासळी

मासळीत पैसे सर्वांत जास्त जातात आणि नासाडीही सर्वांत जास्त होते, म्हणून तिच्या हिशेबाला वेळ द्यावा. राज्यात यांत्रिक नौकांना साधारणपणे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. म्हणजे प्रश्न चार महिन्यांचा नसून नऊ आठवड्यांचा आहे, आणि ज्यांच्या घरी श्रावण पाळतात त्यांना त्यापुढे मासळी लागतच नाही. आठवड्यात तीन वेळा मासळी धरली तर २७ वेळा होतात. त्यातून सोमवार, एकादशी, पहिल्या पावसातले चढणीचे मासे, शेजाऱ्याने आणून दिलेल्या कुर्ल्या (खेकडे) हे सगळे वजा केले की वीस वेळांची तरतूद पुरे. एका कालवणाला किंवा भाजीत घालायला मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम सोडे (सोललेली सुकी कोलंबी) चार माणसांना होतात. या हिशेबाने आमच्या घरात अर्धा किलो सोडे, अर्धा किलो जवळा (अगदी बारीक सुकी कोलंबी), थोडे बोंबील आणि डझनभर खारे बांगडे एवढ्यावर भागते. पूर्वी याच्या तिप्पट घेतले जात असे.

सोडे घेताना मूठभर घेऊन दाबावेत आणि मूठ उघडावी. ते सुटे होऊन घरंगळले पाहिजेत, एकमेकांना चिकटून राहता कामा नयेत. मग एक सोडा मोडून पाहावा: नीट वाळलेला असेल तर कट्‌कन तुटतो, ओला असेल तर वाकतो. बोंबील पिवळा पडलेला असेल तर तो जुना समजावा. जवळा घरी आणल्यावर चाळावा, कारण त्यात रेती असतेच आणि आपण तिचेही पैसे दिलेले असतात.

एका वर्षी आभाळ भरून आले म्हणून आठवडा बाजारातून घाईघाईने किलोभर सोडे घेतले आणि वाकवून न पाहता, उन्हात न घालता तसेच डब्यात भरले. पंधरा दिवसांनी डबा उघडला तर वर पांढरी लव आणि तळाशी घाम होता. अख्खा किलो माडाच्या आळ्यात पुरावा लागला. तेव्हापासून विकत आणलेली मासळी घरी पुन्हा दोन दिवस कडक उन्हात घालणे आणि पूर्ण थंड झाल्यावरच भरणे हा क्रम मोडलेला नाही. सोडे व जवळा तव्यावर कोरडे परतून ठेवले तर आणखी टिकतात. खारा बांगडा तेलकट असल्यामुळे त्याला खवट वास लवकर येतो; तो चिनी मातीच्या बरणीत खडेमिठाच्या थरांत ठेवावा आणि आधी संपवावा. जूनच्या शेवटी किंवा जुलैत एखादी उघडीप मिळाली की सगळे डबे एकदा बाहेर काढून तासभर ऊन दाखवावे.

हल्ली ताजी मासळी घेऊन फ्रीजर भरण्याकडे कल आहे. त्याला हरकत नाही, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. वादळ नसतानाही झाडाची फांदी तारेवर पडली की आमच्याकडे दोन दिवस सहज जातात.

पाचवी पायरी: जागा

पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे घराची पश्चिमेची व दक्षिणेची भिंत सर्वांत ओली होते, आणि चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, तर पाणी शोषूनच घेतो. साठवण चुलीजवळच्या किंवा माजघराच्या आतल्या भिंतीशी करावी, पण भिंतीला टेकवून नव्हे. पोती दोन चिऱ्यांवर फळी टाकून तिच्यावर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवावीत. नदी-खाडीकाठच्या घरांनी निदान आठवड्याचे धान्य, मीठ, काड्यापेट्या आणि सरपणाचा एक भारा माळ्यावर ठेवावा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा तळमजल्यावरचे काहीच हाती लागले नाही.

कांदे-लसूण पिशवीत न ठेवता वेणी किंवा माळ करून वाऱ्याला टांगावेत. डब्यांवर जिन्नस आणि भरल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहावी; जुना डबा पुढे आणि नवा मागे. मासळीची फळी वेगळी, आणि शक्यतो आमसुले व पापडांच्या खाली असावी, वर नाही.

सहावी पायरी: गणपतीचा हिस्सा वेगळा काढणे

मेमध्ये हात सैल सुटतो आणि भाद्रपदात तंगी येते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. गणपतीत मुंबईची माणसे येतात, आठ-दहा दिवस घरात दुप्पट पाने मांडली जातात, आणि मोदकाचे पीठ, गूळ, नारळ, तेल यांची खरेदी ऐन महागाईत होते. म्हणून आगोटीसाठी जी रक्कम ठरवली असेल तिचा तिसरा हिस्सा मेमध्ये खर्चू नये. तो वेगळ्या पाकिटात किंवा खात्यात ठेवून गणपतीसाठीच काढावा. मोदकाचा सुवासिक तांदूळ तेवढा आधी घेऊन ठेवावा, पीठ मात्र चतुर्थीच्या आठवड्यात ताजे करावे.

पाहुणे परत गेले की एका दुपारी सगळे डबे उतरवून उरलेल्या जिन्नसांचे वजन करावे आणि वहीत, एप्रिलमध्ये लिहिलेल्या आकड्यांच्या शेजारी मांडावे. गेल्या वर्षी आमच्याकडे चार किलो कुळीथ, सातशे ग्रॅम आमसुले आणि खाऱ्या बांगड्यांतले पाच उरले होते. यंदाच्या यादीत कुळीथ तीन किलोंनी कमी आहेत आणि बांगडे सातच घेतले आहेत.