शेअर फोल्डरमध्ये वेबसाइट फाइल लिहीत नाहीये? आधी ती कोणाच्या नावाने जातेय ते शोधा

साइट एका मशीनवर चालतेय, अपलोड झालेल्या फाइली दुसऱ्या मशीनवरच्या शेअर फोल्डरमध्ये जायला हव्यात, आणि फॉर्म सबमिट केला की 'अॅक्सेस टू द पाथ इज डिनाइड'. तुम्ही रिमोटने वेब सर्व्हरवर लॉगिन करून तोच फोल्डर उघडता, टेक्स्ट फाइल बनवून बघता, बनते, डिलीट करून बघता, होते. मग वाटतं परमिशन तर सगळ्या बरोबर आहेत, म्हणजे कोडच चुकलाय, आणि डेव्हलपर आणि सर्व्हर सांभाळणारे दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

एका पतसंस्थेत मी हेच बघितलं. सभासदांच्या कागदपत्रांचे स्कॅन अपलोड होत नव्हते, शेवटी कोणीतरी वैतागून शेअरवर आणि फोल्डरवर दोन्हीकडे 'एव्हरीवन – फुल कंट्रोल' देऊन टाकलं. अपलोड लगेच सुरू झालं, पण काउंटरवरच्या कुठल्याही पीसीवरून कुठल्याही सभासदाचं पॅन कार्ड उघडायला लागलं, डिलीटसुद्धा करता यायला लागलं, आणि हे कित्येक महिने कोणाच्या लक्षातच आलं नाही. एव्हरीवन देणं हा उपाय नाहीये, म्हणून नीट सविस्तर लिहितो. खाली सगळं विंडोज सर्व्हर आणि आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर प्रोग्रॅम) धरून आहे.

पायरी १: एरर नीट वाचा

'लिहिता येत नाही' एवढ्यावर काही कळत नाही. विंडोजचा एरर नंबर मिळाला तर अर्धं काम तिथेच होतं. ५ म्हणजे अॅक्सेस डिनाइड, मशीनपर्यंत पोचलात पण हक्क नाही. ५३ म्हणजे नेटवर्क पाथच सापडला नाही, तेव्हा परमिशनच्या मागे लागू नका, नाव बरोबर आहे का आणि मधल्या फायरवॉलमध्ये ४४५ पोर्ट उघडा आहे का ते बघा. १३२६ म्हणजे यूजरनेम किंवा पासवर्ड चुकतोय.

कोडमध्ये झेड ड्राइव्ह वगैरे मॅप केलेलं अक्षर लिहिलंय का तेही इथेच बघून घ्या. मॅप केलेला ड्राइव्ह ज्याने लॉगिन केलं त्याच्या सेशनपुरता असतो, आयआयएसला तो दिसतच नाही. पूर्ण यूएनसी पाथ द्या, म्हणजे \\फाइलसर्व्हर\अपलोड्स असा.

पायरी २: दार कोण ठोठावतंय

सगळा घोळ खरा इथे आहे. तुम्ही हाताने फाइल बनवता ती तुमच्या नावाने, आणि साइट बनवते ती अॅप्लिकेशन पूलच्या (आयआयएस साइट ज्यात चालवतं त्या प्रोसेसच्या) नावाने. आयआयएस मॅनेजर उघडा, अॅप्लिकेशन पूल्स, तुमच्या साइटचा पूल, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात 'आयडेंटिटी' बघा.

तिथे बहुतेक 'अॅप्लिकेशनपूलआयडेंटिटी' असेल, आयआयएस ७.५ पासून म्हणजे सर्व्हर २००८ आर२ पासून डिफॉल्ट तेच आहे. हे त्या मशीनपुरतं व्हर्च्युअल खातं असतं, फाइल सर्व्हरला ते ओळखीचंच नाही. पण म्हणून ते नेटवर्कवर निनावी जातं असं नाही, ते वेब सर्व्हरच्या कॉम्प्युटर अकाउंटच्या नावाने जातं. म्हणजे डोमेनचं (सगळी मशीन आणि खाती एका जागेवरून सांभाळणाऱ्या विंडोज नेटवर्कचं) नाव 'संस्था' आणि सर्व्हरचं नाव 'वेब१' असेल तर फाइल सर्व्हरला दिसतं संस्था\वेब१$. शेवटची डॉलरची खूण त्या नावाचाच भाग आहे. 'नेटवर्क सर्व्हिस' असेल तरी असंच. 'लोकल सर्व्हिस' असेल तर मात्र ते अॅनॉनिमस जातं, त्याच्याकडून शेअरवर लिहून घ्यायच्या भानगडीत पडू नका, आयडेंटिटीच बदला.

पीएचपी वापरणाऱ्यांनी अजून एक बघा. पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये फास्टसीजीआयचं (आयआयएस आणि पीएचपीला जोडणाऱ्या भागाचं) इम्पर्सोनेट, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने काम करणं, चालू असेल तर पीएचपी पूलच्या नावाने न जाता साइटवर आलेल्या यूजरच्या नावाने जातं, आणि लॉगिन नसलेल्या साइटला तो यूजर म्हणजे आययूएसआर (लॉगिन न केलेल्यांसाठी आयआयएस वापरतं ते तयार खातं), जो नेटवर्कवर अॅनॉनिमस असतो. साइटच्या ऑथेंटिकेशनमध्ये अॅनॉनिमस ऑथेंटिकेशन एडिट करून तिथे 'अॅप्लिकेशन पूल आयडेंटिटी' निवडलं की हे सुटतं. एएसपी डॉट नेटमध्ये इम्पर्सोनेशन चालू असेल तर तेही तपासा, विंडोज लॉगिनवाल्या साइटवर तर त्यात यूजरची ओळख वेब सर्व्हरच्या पुढे फाइल सर्व्हरपर्यंत जातच नाही, त्यासाठी कर्बेरॉस डेलिगेशन (यूजरची ओळख पुढच्या सर्व्हरकडे न्यायची डोमेनमधली सोय) लावावं लागतं.

पायरी ३: दोन कुलपं, दोन्ही उघडा

शेअर फोल्डरला दोन वेगळ्या परमिशन असतात, शेअरची आणि एनटीएफएसची (डिस्कवरच्या फोल्डरची, सिक्युरिटी टॅबमधली), आणि दोन्हीत जी कडक ती चालते. सिक्युरिटी टॅबमध्ये सगळं देऊनही होत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे अॅडव्हान्स्ड शेअरिंगमधून केलेल्या शेअरवर डिफॉल्ट 'एव्हरीवन – रीड' एवढंच असतं.

फाइल सर्व्हरवर फोल्डरच्या प्रॉपर्टीज, शेअरिंग, अॅडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स, अॅड. आता वेब१ टाइप करून 'चेक नेम्स' दाबलं तर म्हणेल असं नाव सापडलं नाही, आणि इथेच बरेच जण माघार घेऊन एव्हरीवन देतात. त्याच खिडकीत वर 'ऑब्जेक्ट टाइप्स' बटण आहे, ते दाबा, 'कॉम्प्युटर्स' समोर टिक नसते, ती करा, ओके, परत चेक नेम्स, नावाखाली रेघ आली म्हणजे सापडलं. त्याला 'चेंज' द्या आणि ते एव्हरीवन काढून टाका, पण ज्या माणसांना तो फोल्डर कामाला लागतो त्यांचा ग्रुप आधी घाला. मग सिक्युरिटी टॅबमध्ये त्याच कॉम्प्युटरला 'मॉडिफाय' द्या. नुसतं 'राइट' दिलं तर नवी फाइल बनते, पण डिलीट किंवा रिनेम करायला गेलं की अडतं, आणि बरेच प्रोग्रॅम आधी टेम्पररी फाइल लिहून मग तिचं नाव बदलतात, त्यामुळे अपलोड अर्धवट झाल्यासारखं दिसतं.

फोल्डरच्या जनरल टॅबमधल्या 'रीड-ओन्ली' चौकोनाकडे दुर्लक्ष करा. तो काढला तरी परत भरलेला दिसतो, आणि फोल्डरच्या बाबतीत त्याचा परमिशनशी संबंध नाही.

पायरी ४: त्याच्याच नावाने लिहून बघा

साइटवर परत परत अपलोड करून बघण्यापेक्षा हे करा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं पीएसएक्झेक वेब सर्व्हरवर घ्या आणि -एस ऑप्शन देऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा. हा प्रॉम्प्ट सिस्टिम खात्याचा असतो, आणि सिस्टिमसुद्धा नेटवर्कवर वेब१$ म्हणूनच जातं. तिथून शेअरवर एक छोटी फाइल कॉपी करा, मग डिलीट करा. दोन्ही झालं तर पूल रिसायकल करून साइटवर ट्राय करा.

कॉम्प्युटरला थेट हक्क न देता ग्रुपमध्ये घातलं असेल तर वेब सर्व्हर रीस्टार्ट करा, नाहीतर ते लगेच लागू होत नाही, डोमेनने आधी दिलेल्या लॉगिनच्या तिकिटात तो ग्रुपच नसतो. यात खूप वेळ जातो.

तरीही नाही?

मग सिसइंटर्नल्समधलंच प्रोसेस मॉनिटर (कोणती प्रोसेस कोणती फाइल उघडतेय ते दाखवणारं) लावा, डब्ल्यू३डब्ल्यूपी या पूलच्या प्रोसेसचा फिल्टर लावून 'अॅक्सेस डिनाइड' शोधा, पीएचपी असेल तर पीएचपी-सीजीआय. नेमका पाथ दिसतो, कधी कधी आपण अपलोड्स फोल्डरवर भांडत असतो आणि साइट टेम्प फोल्डरवर अडलेली असते. फाइल सर्व्हरवर ऑडिट चालू केलंत तर सिक्युरिटी लॉगमध्ये ५१४५ इव्हेंटला कोणत्या खात्याने कोणती फाइल मागितली ते येतं, तिथे 'अॅनॉनिमस लॉगऑन' दिसलं तर पायरी २ ला परत जा. फक्त ठरावीक प्रकारच्या फाइलीच अडत असतील तर फाइल सर्व्हरवर फाइल स्क्रीनिंग लावलंय का विचारा, तेही अॅक्सेस डिनाइडच देतं.

डोमेन नसेल, वर्कग्रुप (प्रत्येक मशीनची खाती वेगळी) असेल, तर कॉम्प्युटर अकाउंट उपयोगाचं नाही. दोन्ही मशीनवर एकाच नावाचा आणि एकाच पासवर्डचा साधा लोकल यूजर बनवा, पूलच्या आयडेंटिटीत 'कस्टम अकाउंट' म्हणून तो द्या, आणि शेअरवर त्याच यूजरला हक्क द्या. 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स' टिक करायला विसरू नका, नाहीतर डिफॉल्ट ४२ दिवसांनी पासवर्ड संपतो आणि पूलच सुरू होत नाही, साइट ५०३ (सर्व्हिस अनअव्हेलेबल) दाखवते. डोमेन असेल आणि साइट दोन-तीन सर्व्हरवर चालत असेल तर सर्व्हर २०१२ पासून आलेलं ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट घ्या, पासवर्ड डोमेनच सांभाळतं, पूलमध्ये नाव डॉलरसकट लिहायचं आणि पासवर्डची जागा मोकळी सोडायची.

चालू झालं की लगेच अजून दोन मिनिटं द्या. हा फोल्डर साइटखाली व्हर्च्युअल डिरेक्टरी म्हणून जोडला असेल तर त्याच्या हँडलर मॅपिंग्जमध्ये 'एडिट फीचर परमिशन्स' उघडून 'स्क्रिप्ट' आणि 'एक्झिक्यूट' काढा, म्हणजे कोणी फोटोच्या जागी स्क्रिप्ट अपलोड केली तरी ती चालणार नाही. आणि मग एखाद्या साध्या कर्मचाऱ्याच्या पीसीवरून, त्याच्याच लॉगिनने, तो शेअर उघडून बघा. त्याचं तिथे काम नसेल तर तो उघडता कामा नये.