गाडी मिसिंग मारून राहिली? आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट घ्या

गाडी स्लोमध्ये थरथरते, ॲक्सिलरेटर दाबला की झटके देते, सायलेन्सरच्या आवाजात मधेच एक ठोका चुकतो. एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाही, एवढाच याचा अर्थ. तीन सिलिंडरच्या गाडीत एक बसला की तिसरा हिस्सा ताकद गेली. पुष्कळदा आधी प्लग (ठिणगी पाडणारा) बदलले जातात, मग कॉइल (प्लगला जास्त व्होल्टेज देणारी), मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), आणि बिल चढत जातं. कोणता सिलिंडर बसला हे कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. (हे सगळं पेट्रोल गाड्यांचं, तेही प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या. डिझेलची तऱ्हा वेगळी.)

इंजिनचा दिवा नुसता पेटला असेल तर सावकाश घरापर्यंत या. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा) जाऊन पेटतं, तो आतून वितळतो आणि नवा फार महाग पडतो. शिवाय तो भयंकर तापतो, म्हणून गव्हाच्या धसकटावर किंवा धुऱ्याच्या वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. डांबरावर नाहीतर मोकळ्या मातीवर करा.

बोनेट उघडलं की पहिला संशय उंदरावर. कापूस, सरकी किंवा तुरीचे कट्टे ठेवलेल्या खोलीशेजारी गाडी उभी राहत असेल तर कॉइल आणि इंजेक्टरच्या वायरी टॉर्च लावून शेवटपर्यंत पाहा. वायर आतून तुटून वरच्या टेपमुळे धड दिसते. हलकी ओढून बघा. जोड द्यायचा तर झाळून द्या आणि वरून तापवून आवळणारी नळी चढवा. पिळून टेप मारलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. फवारणीच्या एचटीपी पंपाने इंजिन धुतल्यावर मिसिंग सुरू झालं असेल तर प्लगच्या खड्ड्यात पाणी आहे. कॉइल काढून हवा मारा, दोन्ही वाळू द्या.

आता कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा नंबर. तो वाचायला मोबाइलला जोडणारा साधा ओबीडी स्कॅनर पुरतो. त्याचं सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली असतं. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, याप्रमाणे. इंजिन आडवं बसवलेल्या बहुतेक गाड्यांत पहिला सिलिंडर बेल्टच्या बाजूला असतो, गिअरबॉक्सच्या नाही. पी०३०० आला तर दोष एका सिलिंडरचा नसून बहुधा सगळ्यांना मिळणाऱ्या पेट्रोलचा, हवेचा किंवा दाबाचा. स्कॅनर नसेल तर इंजिन स्लोवर ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढा. जिथे काढल्याने इंजिन आणखी लडखडतं तो सिलिंडर चांगला; जिथे काहीच फरक पडत नाही तो बसलेला. चालू इंजिनवर कॉइल मात्र उचलू नका, हजारो व्होल्टचा झटका बसतो.

समजा दुसरा सिलिंडर बसलाय. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा. बहुधा १० चा एकच बोल्ट असतो. कोड पुसा, १० मिनिटं चालवा. पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर तसेच प्लग बदलून पाहा.

प्लग काढण्याआधी खड्ड्यातली धूळ पंक्चरवाल्याच्या हवेने उडवा. पांदणीची ती धूळ सिलिंडरमध्ये पडली तर पिस्टनची रिंग घासते. टोक भुरकट-तपकिरी असेल तर ठीक. पेट्रोलने ओलं असेल तर ठिणगी पडत नाही. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. तेलकट टोक म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील. मग पांढरा चिनीमातीचा भाग उजेडात फिरवून पाहा. त्यावर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी आत न पडता बाहेरून पळत होती. तशीच रेघ कॉइलच्या रबरी टोपीतही असते. दोन्ही बदला, नाहीतर जुनी टोपी नव्या प्लगवर पुन्हा तीच रेघ पाडते.

प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती फट, म्हणजे गॅप, गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवा. सीएनजी गाडीला तो बहुधा कमी लागतो, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. इरिडियम प्लगला तारेचा ब्रश लावू नका. वॉशरचा नवा प्लग आधी रबरी नळीच्या तुकड्याने हाताने फिरवून बसवा, वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर काम वाढतं.

मिसिंग केव्हा होतं तेही बोलतं. चढावर किंवा भरलेल्या गाडीत होत असेल तर प्लग-कॉइल पाहा. लोड पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारायला जड जातं. मे महिन्यात अर्धा तास चालल्यावरच होत असेल तर कॉइल तापून फुटतेय, तिची परीक्षा गाडी गरम असतानाच घ्या. फक्त स्लोमध्ये होऊन रेस दिली की थांबत असेल आणि सोबत पी०१७१ असेल, तर कुठूनतरी जास्तीची हवा ओढली जातेय. व्हॅक्यूमची नळी तपासा. उंदीर तीही सोडत नाही.

बाटलीतलं पेट्रोल टाकल्यावर मिसिंग सुरू झालं असेल तर टाकीतून अर्धा लिटर काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉल पाणी शोषतं आणि प्रमाण वाढलं की त्याच्यासह खाली बसतं. टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही.

प्लग-कॉइल दोन्ही चांगले निघाले तर इंजेक्टरला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाशी धरा. टक-टक ऐकू यायला हवी. मल्टिमीटरवर बहुतेक इंजेक्टर १२ ते १६ ओहम दाखवतात. तोही ठीक असेल तर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. इंधन पंपाचा फ्यूज आणि कॉइलची कनेक्टर काढा, सगळे प्लग बाहेर, एकेका प्लगच्या जागी कंप्रेशन गेज लावून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह. सीएनजीवर फार चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची सीट झिजलेली सापडते. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर हेड गॅस्केट. त्यात रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या.