वय वाढल्यावर काय सोसतं, काय नाही: शाकाहारी आहार कसा जुळवून घ्यावा

उतारवयात ‘पचत नाही’ म्हणून एकेक पदार्थ सुटत जातो. आधी दूध, मग कडधान्यं. शाकाहारात प्रथिनं मिळण्याच्या जागा मुळात मोजक्या, त्यामुळे हे सोडणं महागात पडतं. म्हणून पदार्थ बंद करण्याआधी तो किती आणि कसा सोसतो ते तपासा.

दोन आठवडे वहीत लिहा: काय खाल्लं, किती, त्रास किती वाजता झाला. वेळ नीट नोंदवा. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचली नाही तर साधारण अर्ध्या ते दोन तासांत पोट गुरगुरतं. कडधान्यांतल्या न पचणाऱ्या शर्करा मात्र मोठ्या आतड्यात पोचल्यावर आंबतात, त्याला कित्येक तास लागतात. त्यामुळे दुपारच्या जेवणाचा दोष बहुतेकदा रात्रीच्या जेवणावर जातो!

संशय असलेला एकच पदार्थ दोन आठवडे बंद ठेवा. मग तो पहिल्या दिवशी नेहमीच्या प्रमाणाच्या पाव भाग, तिसऱ्या दिवशी निम्मा, पाचव्या दिवशी पूर्ण घ्या. त्रास जिथे सुरू होतो, त्याच्या जरा अलीकडे तुमचं प्रमाण. दोन पदार्थ एकदम बदलले तर काहीच कळत नाही. गहू मात्र स्वतःहून बंद करू नका. सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार, याची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच खात्रीची ठरते.

लॅक्टोज न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, चालतं. जेवणासोबत घेतलं तर अधिक सहज. दही त्याहून हलकं, कारण त्यातले जिवाणू थोडं काम आधीच करतात.

कडधान्यं ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात शिजवा. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. जुना माल किंवा क्षारयुक्त कठीण पाणी असेल तर तो टणकच राहतो आणि पोटाला जड जातो. राजमा निदान १० मिनिटं खळखळून उकळायलाच हवा. मंद आचेवर त्यातलं विष पुरतं नष्ट होत नाही. सुरुवात शिजलेल्या दोन चमच्यांपासून करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. आतड्याला सवय व्हायला काही आठवडे लागतात. सालं काढलेल्या डाळी आधी, अख्खी कडधान्यं नंतर. आहारातले तंतू, म्हणजे न पचणारा चोथा, वाढवाल तसं पाणीही वाढवा. वयानुसार तहान कमी लागते, त्यामुळे कोरड्या तंतूंनी बद्धकोष्ठ उलट वाढतं.

निरोगी ज्येष्ठांना रोज वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात: ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम. शिजलेल्या घट्ट मसूर डाळीच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ९ ग्रॅम असतात, पातळ वरणात त्याहून बरीच कमी. म्हणून एखादा पदार्थ कमी केला की त्याच जेवणात टोफू, दही किंवा शेंगदाण्यांनी भरपाई करा. दात साथ देत नसतील तर शेंगदाणे वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे आकडे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

बी-१२ जीवनसत्त्व आहारातून पुरेसं मिळेल या भरवशावर राहू नका. वयाबरोबर अनेकांच्या जठरातलं आम्ल घटतं, मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्याही बी-१२चं शोषण कमी करतात. तपासणी करून पूरक गोळी घ्या. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन हे औषध चालू असेल तर पालेभाज्या सोडू नका, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवा.

प्रयत्न न करता वजन घटणं, शौचात रक्त, गिळताना अडकणं किंवा झोपमोड करणारे जुलाब यांपैकी काहीही दिसलं तर हे प्रयोग थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.