विनानोंदणी ई-सायकल घेताना काय तपासावे

‘पासिंग लागत नाही, लायसन्स लागत नाही’ असे वाशी-नेरूळच्या दुकानांत सहज सांगितले जाते. ते खरे आहे की नाही, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील व्याख्येवरून ठरते. मोटरची तीस मिनिटांची शक्ती, म्हणजे मोटर सलग तीस मिनिटे देऊ शकेल ती शक्ती, 250 वॅटपेक्षा कमी असावी, कमाल वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असावा आणि ही बाब मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने, उदाहरणार्थ पुण्याच्या ‘एआरएआय’ने, तपासलेली असावी.

म्हणून पैसे देण्यापूर्वी त्या मॉडेलच्या चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागावी, मागच्या चाकाच्या हबवर कोरलेला वॅटचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा आणि बिलावर मॉडेल व चासी क्रमांक लिहून घ्यावा. रस्त्यात वाहतूक पोलिसांनी अडवले तर हीच कागदपत्रे कामी येतात. दुकानदाराचा शब्द येत नाही.

खरी मेख वेगमर्यादेच्या वायरमध्ये असते. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरजवळची ही वायर काढून देण्याची तयारी काही मेकॅनिक आपणहून दाखवतात. पाम बीच रोडवर चाळीसचा वेग मिळतो खरा, पण ती सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते. मग मोटार वाहन कायद्यानुसार विनानोंदणी वाहनासाठी कलम 192 खाली पहिल्या वेळी 5,000 रुपयांपर्यंत, विनापरवाना चालवल्यास कलम 181 खाली आणखी 5,000 आणि विमा नसल्यास कलम 196 खाली पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड होऊ शकतो. अल्पवयीन मुलाला क्लाससाठी अशी सायकल देणाऱ्या पालकांनी कलम 199-अ आवर्जून वाचावे, कारण तेथे पालकालाच 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

हेल्मेट मात्र, नोंदणी लागो वा न लागो, दोन्ही परिस्थितींत घालावे.