कुत्र्याच्या तोंडाचा संसर्ग: आधी उपचार, मग ब्रश

कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, अशी सर्रास समजूत आहे आणि तिच्यामुळेच हिरड्यांचा आजार वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला खाल्लेल्या अन्नाचा थोडाफार वास येतो. परंतु कुत्रा जवळ येताच मान फिरवावी लागेल असा कुजका वास येत असेल, तर तोंडात संसर्ग असण्याची शक्यता मोठी असते. दात दुखत असले तरी बहुतेक कुत्री खाणे सोडत नाहीत. त्यामुळे ‘खातोय ना, मग काही नाही’ या निकषावर विसंबू नये.

माणसासारखी दात किडण्याची तक्रार कुत्र्यात क्वचितच आढळते. त्याचे खरे दुखणे हिरडीच्या कडेला सुरू होते. तेथे साचणारा जंतूंचा चिकट थर वेळीच निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे दोन-तीन दिवसांतच कडक होऊ लागतो आणि त्याचे पिवळे-तपकिरी कीटण बनते. हिरडी नुसती लाल होऊन सुजली असेल, तोवर योग्य स्वच्छतेने ती पूर्ववत होते. मात्र जंतू हिरडीखाली शिरून दाताभोवतीचे हाड झिजू लागले, की ते हाड सहसा भरून येत नाही आणि पुढची झीज रोखणे एवढेच हाती राहते. पॉमेरेनियन, शिह त्झू, पग, डॅशहंड अशा लहान जातींच्या तोंडात दातांची दाटी असते, शिवाय काहींचे दुधाचे दातही पडत नाहीत. म्हणून त्यांच्यात हा आजार लवकर दिसतो.

तोंड तपासताना जबडा उघडण्याची गरज नसते. कुत्रा शांत असताना त्याच्या बाजूला बसावे, एका हाताने हनुवटीला आधार द्यावा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ओठ कोपऱ्याकडून वर सरकवावा. वरच्या जबड्यातील सर्वांत मोठी दाढ प्रथम पाहावी, कारण लाळग्रंथीची नळी तिच्याजवळ उघडते आणि कीटण तेथेच अधिक साचते. हिरडी आणि दात जेथे मिळतात, तेथे लाल रेघ, रक्त, पू किंवा हिरडी मागे सरून उघडे पडलेले मूळ दिसते का, हे पाहावे. दोन्ही बाजूंची तुलना अवश्य करावी. एका बाजूला बरेच जास्त कीटण असेल, तर दुखते म्हणून कुत्रा त्या बाजूने चावणे टाळत असू शकतो. कोरड्या खाद्याचे दाणे तोंडातून गळणे, पंजाने तोंड चोळणे, लाळेत रक्त येणे, तोंडाजवळ हात नेताच मागे सरणे, यांतून दुखण्याचा अंदाज येतो. डोळ्याखाली आलेली सूज अनेकदा डोळ्याच्या विकाराची नसून त्याच मोठ्या दाढेच्या मुळाशी झालेल्या गळवाची असते.

येथे एक गंभीर इशारा आवश्यक आहे. कुत्र्याच्या तोंडातून एकाएकी खूप लाळ गळू लागली, जबडा लोंबू लागला, आवाज बदलला, गिळता येईनासे झाले किंवा वागणे विचित्र झाले, तर काहीतरी अडकले असेल असे समजून तोंडात हात घालू नये. ही रेबीजचीही लक्षणे असू शकतात. कुत्र्याला वेगळे ठेवून तात्काळ पशुवैद्यांना कळवावे. लाळ जखमेला लागली किंवा कुत्रा चावला असल्यास ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून लगेच दवाखाना गाठावा.

हिरड्यांतून रक्त किंवा पू येत असताना घरी ब्रश सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरला, की कुत्रा त्या ब्रशचाच धसका घेतो आणि पुढे तो तोंडाला हात लावू देत नाही. म्हणून प्रथम पशुवैद्यांकडे जावे. केवळ प्रतिजैविकांनी वास काही दिवस कमी होतो, परंतु कीटण आणि सडलेले मूळ जागेवर असेपर्यंत तो परत येतो. खरा उपचार पूर्ण भूल देऊन केला जातो: आधी रक्ततपासणी करून मूत्रपिंड आणि यकृताची स्थिती पाहतात, मग हिरडीच्या वरचे आणि खालचे कीटण काढून दात गुळगुळीत करतात, एक्स-रेमध्ये मुळे तपासतात आणि न वाचणारे दात काढतात. जागेपणी कीटण खरवडून देण्याचा पर्याय स्वस्त वाटतो. पण त्यात हिरडीखालचा भाग तसाच राहतो आणि वरून पांढरे दिसणारे दात पालकाला खोटा दिलासा देतात. भूल देण्यापूर्वी आपल्या दवाखान्यात दातांचा एक्स-रे होतो का आणि भूल चालू असताना श्वास व हृदयाच्या ठोक्यांवर कोण लक्ष ठेवते, हे निःसंकोच विचारावे.

दात काढल्यानंतर साधारण दोन आठवडे, किंवा पशुवैद्य सांगतील तोवर, मऊ अन्न द्यावे. कांदा, लसूण, मीठ आणि मसाला न घालता शिजवलेला गुरगुट्या भात व कुस्करलेले चिकन चालते. टाके असेपर्यंत दोरी ओढण्याचे खेळ बंद ठेवावेत. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक, कुत्र्याला कधीही देऊ नयेत; त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

जखमा भरल्यावर ब्रशची सवय सावकाश लावावी. सुरुवातीला केवळ ओठ उचलून शाबासकी द्यावी, मग बोटाला ओला सुती कपडा गुंडाळून दातांच्या बाहेरच्या बाजूवरून फिरवावा आणि कुत्रा ते स्वस्थपणे करू देऊ लागला, की मऊ ब्रश घ्यावा. कीटण बनण्याचा वेग पाहता ब्रश रोज व्हायला हवा. आठवड्यातून एकदा केलेल्या ब्रशचा फारसा उपयोग होत नाही. पेस्ट कुत्र्यांसाठी बनवलेलीच वापरावी, कारण कुत्रा ती गिळतो आणि माणसांच्या काही पेस्टमध्ये असलेल्या झायलिटॉल या गोडी आणणाऱ्या पदार्थाने त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. लवंग तेल, तुरटी किंवा मीठ चोळणेही टाळावे.

दात साफ होतात म्हणून मटणाची हाडे देण्याची पद्धत घरोघरी आहे. कडक हाडाने तीच मोठी दाढ चिरफळते आणि शिजवलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे घशात किंवा आतड्यात अडकतात. चघळायला द्यायच्या वस्तूवर नख दाबून पाहावे. खूण उमटत नसेल, तर ती वस्तू दातांसाठी फार कडक आहे.

वय झाले म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याचा उपचार टाळू नये. रक्ततपासणीत मूत्रपिंडाचा विकार आढळल्यास पशुवैद्य भूल आणि औषधे त्यानुसार ठरवतात. कधी कधी तोंडातील व्रणांचे कारण तोच विकार असतो. तोंडात गाठ दिसली, तर ती वाढण्याची वाट न पाहता दाखवावी. लहान जातीच्या आणि वयस्क कुत्र्यांचे तोंड दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावे. वार्षिक लसीकरणाच्या वेळी ओठ उचलून दात पाहण्याची विनंती केल्यास त्यांतील एक तपासणी आपोआप पार पडते.