नव्या चिमट्याला जुना स्टेम बसवताना

खड्ड्यात आदळून किंवा कशावर तरी धडकून सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुभंगलेला भाग, मागे वाकला, तर तो बदलावा. ठोकून सरळ केलेला चिमटा वरून बरा दिसतो, पण मानेपाशी चीर गेली आहे की नाही ते डोळ्यांना कळत नाही. नवा चिमटा मिळणे अवघड नसते. घोळ होतो तो आपला जुना स्टेम, म्हणजे हँडल चिमट्याला जोडणारा भाग, त्याला बसवताना, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण चुकीचे माप असते. म्हणून पाना हातात घेण्याआधी मोजमाप करा.

चिमट्याची जी नळी फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर येते, ती स्टिअरर. तिला वरच्या टोकाला आटे असतील आणि स्टेमची दांडी तिच्या आत उतरत असेल, तर तो जुना, आट्यांचा प्रकार. स्टेमच्या डोक्यावर एकच उभा बोल्ट आणि खाली मोठे षट्कोनी नट दिसले की हाच समजा. स्टिअररला आटे नसतील आणि स्टेम तिला बाहेरून दोन बोल्टांनी आवळत असेल, तर तो बिनआट्यांचा. एका प्रकारचा स्टेम दुसऱ्याला थेट बसत नाही. आट्यांच्या चिमट्यावर नवा स्टेम लावायला अडॅप्टर मिळतो, उलट दिशेने मात्र तसा सोपा मार्ग नाही.

आट्यांच्या प्रकारात १ इंची स्टिअररला साधारणपणे २२.२ मिमी जाडीची दांडी लागते आणि १ १/८ इंचीला २५.४ मिमी. काही जुन्या बीएमएक्स सायकलींची दांडी २१.१ मिमी असते. एका मिलिमीटरने काय बिघडते, असे म्हणू नका. २१.१ची दांडी २२.२च्या जागी खाली पाचर (दांडीच्या टोकाचा, वरचा बोल्ट आवळला की नळीत घट्ट बसणारा तुकडा) आवळून घट्ट झाल्यासारखी वाटते, पण वर तिला आधारच नसतो. योग्य मापाची दांडी हाताने सरकत आत जाते आणि डुगडुगत नाही. जाडी मोजायचे व्हर्नियर नसेल तर स्टेम आणि जुना चिमटा दोन्ही दुकानात घेऊन जा.

जुना स्टेम काढताना वरचा बोल्ट पूर्ण काढू नका. दोन-तीन फेरे सैल करा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवा आणि हातोडीचा एक ठोका द्या, म्हणजे खालची पाचर सुटते. बोल्ट आधीच काढून घेतला तर पाचर नळीतच अडकून बसते.

आता नवा चिमटा. जुन्या चिमट्याच्या बुडाशी घट्ट बसलेली कडी, म्हणजे क्राउन रेस, नव्यावर आणावी लागते. पातळ छिन्नीने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलके ठोकत ती वर सरकवा. १ इंची चिमट्यांत या कडीची बैठक २६.४ किंवा २७.० मिमी अशी दोन मापांत येते. कडी नव्या चिमट्यावर हाताने फिरत असेल तर माप चुकले आहे, तेव्हा ती बदला. मग ग्रीस भरून छर्रे लावा, चिमटा फ्रेममध्ये घाला, वरची वाटी हाताने आवळा आणि लॉकनट कसा. चिमटा सहज फिरला पाहिजे, पण त्यात खडखड नको.

स्टेमच्या दांडीवर आणि पाचरीवर ग्रीस लावून ती आत सोडा. दांडीवर किमान खोलीची रेघ असते, ती पूर्ण आत गेलीच पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही. पाचर स्टिअररच्या आट्यांच्या खाली पोचायला हवी. आटे कापलेल्या भागात नळीची भिंत पातळ असते. पाचर तिथे फुगली तर नळी फाकते, आणि कालांतराने तिथेच तुटू शकते. लांब स्टिअररचा चिमटा घेतला असेल तर हे आधी मोजा, कारण त्यावर आटेही लांबवर असू शकतात.

बिनआट्यांच्या प्रकारात कापणे हे खरे काम. आधी सगळे रचून पाहा: चिमटा, बेअरिंग, वरचे झाकण, स्पेसर (उंची भरून काढणाऱ्या कड्या), स्टेम. स्टेमच्या वरच्या कडेशी खूण करा आणि खुणेच्या ३ मिमी खाली कापा. स्टिअरर स्टेमच्या कडेपर्यंत आली तर स्टेमच्या वर बसणारी टोपी नळीवरच टेकते आणि बेअरिंगवर दाबच येत नाही. माझे मत विचाराल तर पहिल्यांदा २ सेंमी जास्त ठेवा, स्टेमच्या वर स्पेसर घाला, काही आठवडे चालवून हँडलची उंची ठरवा आणि मग कापा. कापलेली नळी जोडता येत नाही. बारीक दात्यांचे हॅकसॉ ब्लेड वापरा, वाट सरळ राहावी म्हणून नळीवर जुना स्टेम आवळून त्याच्या कडेने करवत चालवा, मग कानस फिरवा. धातूच्या नळीत स्टार नट, म्हणजे टोपीचा बोल्ट ज्यात आवळला जातो तो नट, साधारण १५ मिमी खोल ठोकतात. कार्बनच्या नळीत तो कधीही ठोकू नये, तिला आतून फुगणारा प्लग लागतो.

आता क्रम नीट पाळा. स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल असतानाच वरच्या टोपीचा बोल्ट हळूहळू आवळा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकला आणि फ्रेमच्या नळीपाशी बोट लावा. ठकठक जाणवली तर थोडे आणखी आवळा, हँडल जड झाले तर सोडा. मग स्टेम चाकाच्या सरळ रेषेत आणून बाजूचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतके (आवळण्याच्या जोराच्या मापाइतके) कसा. तो बहुधा ५ ते ६ न्यूटन-मीटर असतो. हँडलला धरून ठेवतात ते हे बोल्ट. टोपी फक्त बेअरिंगचा दाब ठरवते. बाजूचे बोल्ट आधी आवळून टोपी कितीही पिळली तरी खडखड जात नाही, उलट स्टार नट उपसून येऊ शकतो.

दोन्ही प्रकारांत शेवटची चाचणी एकच. पुढचे चाक गुडघ्यांत धरा आणि हँडल बेताच्या जोराने पिळा. स्टेम सरकला तर आणखी आवळायला हवे. पहिल्या चकरेनंतर बोल्ट पुन्हा तपासा. आणि सायकल कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असेल तर आट्यांचा स्टेम वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, काढून ताजे ग्रीस लावा. अ‍ॅल्युमिनियमची दांडी लोखंडी नळीत खाऱ्या हवेने अशी धरते की मग ती कापूनच काढावी लागते.