ठामपणे बोलायला शिकताय? या चुका टाळा

‘भीड ही भिकेची बहीण’ हे लहानपणापासून ऐकलेलं असतं, तरी आयत्या वेळी तोंडातून ‘बरं, करते’ निघून जातं. मग कधीतरी आपण ठरवतो, आता स्पष्ट बोलायचं. धाडस गोळा होतं, पण वाक्यच बिघडतं.

नकारासोबत कारणांची रांग

सगळ्यात जास्त घात हीच सवय करते. सहकारी विचारतो, ‘आज माझा रिपोर्ट तू पूर्ण करशील का?’ आपण म्हणतो, ‘अरे, केला असता, पण आज जरा डोकं दुखतंय, शिवाय घरी लवकर जायचंय, आणि ते नवीन सॉफ्टवेअर मला नीट येत नाही…’ यात ‘नाही’ कुठेच नाही. त्याच्याकडे प्रत्येकावर तोड आहे: गोळी घे, घरून कर, सॉफ्टवेअर मी दाखवतो. काम तुमच्या गळ्यात! मी अशी कित्येकदा अडकले आहे.

आता मी नकार आधी देते. कारण एकच, तेही खरं: ‘आज नाही जमणार, माझंच काम बाकी आहे.’ आणि गप्प बसते. ही शांतता फार जड जाते. तीन-चार सेकंदही खूप वाटतात आणि ती भरायला आपणच काहीतरी बोलून बसतो. तेवढं टाळा. त्यानं पुन्हा आग्रह केला तर तेच वाक्य, त्याच आवाजात परत म्हणा. नवं कारण दिलंत की पहिलं लटकं होतं असंच त्याला वाटणार.

‘मी’च्या आड लपलेला आरोप

‘तू’ऐवजी ‘मी’पासून बोलावं, ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी १९६०च्या दशकात रुजवली. ते ऐकून अनेकजण म्हणतात, ‘मला वाटतं, तुला कुणाची पर्वाच नाही.’ हा आरोपच झाला. गॉर्डन यांच्या वाक्यात समोरच्याचं वागणं, त्याचा आपल्यावर होणारा परिणाम आणि आपली भावना असते: ‘तू न कळवता उशिरा आलास की माझी झोप होत नाही, काळजी लागून राहते.’ त्याला मी विनंती जोडते: ‘उशीर होणार असेल तर मेसेज कर.’ ‘जरा समजून घेत जा’ म्हटलं तर समोरच्याला नेमकं काय करायचं तेच कळत नाही.

उकळी फुटेपर्यंत थांबणं

सहा महिने गप्प राहायचं आणि एक दिवस न धुतलेल्या कपावरून ओरडायचं. समोरचा म्हणतो, ‘एवढ्याशा गोष्टीवरून?’ त्याचं बरोबरच आहे, त्यानं ही तक्रार पहिल्यांदाच ऐकलेली असते.

सुरुवातच सगळ्यात अवघड माणसापासून

मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्या उपचारपद्धतीत भीती पायरीपायरीनं हाताळली जाई, आणि ठामपणे बोलण्याचा सराव हा तिचाच एक भाग होता. तेव्हा आधी चुकीची आलेली वस्तू परत करा, शेजाऱ्याला आवाज कमी करायला सांगा. वडील किंवा बॉस नंतर. मात्र समोरचा हात उगारत असेल, धमकावत असेल, तर तिथे हा सराव करू नका. आधी सुरक्षित व्हा, विश्वासातल्या माणसाची मदत घ्या.

नकार दिल्यावर संध्याकाळभर टोचणी लागते, विशेषतः पहिल्या काही वेळा. त्या भरात फोन करून ‘जाऊ दे, करते मी’ म्हणू नका. निदान दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा.